तिजोरीच्या आधी वही: घरातला घड्याळांचा संग्रह राखताना

प्रश्न असा आहे: पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. वडिलांची एचएमटी आणि आजोबांचं वेस्ट एंड धरून २२ घड्याळं आहेत, त्यातली पाच नवी स्विस. सगळी मिळून १८ लाखांच्या आसपास. बेडरूमच्या वॉर्डरोबमध्ये १२ किलोचा इलेक्ट्रॉनिक लॉकर आहे. गणपतीत आठ दिवस घर बंद राहणार. एवढं पुरे का, की सगळं बँकेत ठेवावं?

पुरे नाही. पण सगळंच्या सगळं बँकेत नेऊन ठेवायचीही गरज नाही. मी २६ वर्षं सर्व्हेअर म्हणून घरफोडीचे विमा-दावे पाहिले. चोर येऊन जातो, पोलीस पंचनामा करून जातात आणि मग उचकटलेल्या कपाटासमोर घरच्यांशी बोलत बसतो तो मी. त्या बसण्यातून जे कळलं ते सांगतो.

लॉकरकडे नंतर येऊ. आधी वही करा.

पाहणीला गेलो की माझा पहिला प्रश्न असतो, काय काय गेलं? सोन्याबद्दल विचारलं तर घरची बाई झोपेतून उठवली तरी सांगते, अमुक तोळ्याचं मंगळसूत्र, तमुक सराफाकडे केलेल्या पाटल्या. घड्याळांचं विचारलं की उत्तर येतं, ‘काळ्या डायलचं ओमेगा होतं, आणि एक बाबांचं जुनं.’ काळ्या डायलची ओमेगा जगात किती असतील! पोलीस ठाण्यातही मग तेच उतरतं: एक मनगटी घड्याळ, किंमत अंदाजे. पुढे चोर सापडला, त्याच्याकडून घड्याळांची पिशवी जप्त झाली, तरी त्यातलं तुमचं कोणतं हे तुम्हाला दाखवता येत नाही. चोरी दोनदा होते असं मला त्या वेळी वाटतं.

म्हणून प्रत्येक घड्याळाला एक पान. कंपनी, मॉडेलचा क्रमांक, सिरीयल क्रमांक, कधी आणि कुठून घेतलं, काय पडलं, शेवटचं सर्व्हिसिंग कुठे झालं. सिरीयल शोधायला थोडी खटपट आहे. जुन्या रोलेक्सचा क्रमांक सहाच्या बाजूला, पट्टा काढल्यावर तो जोडायच्या दोन पायांच्या मध्ये दिसतो. साधारण २००५ नंतरच्यांत तो डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर कोरायला सुरुवात झाली. सेकोचा मागच्या झाकणावर असतो. जुन्या स्विस घड्याळांत बऱ्याचदा दोन क्रमांक असतात, एक बाहेरच्या डबीचा म्हणजे केसचा आणि दुसरा आतल्या मशीनचा. मशीनचा पाहायला झाकण उघडावं लागतं. ते घरी चाकूने उघडू नका. सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा घड्याळजींना सांगा, उघडलंच आहे तर आतला फोटो काढू द्या.

वडिलांच्या एचएमटीचा प्रश्न जरा वेगळा आहे आणि त्यावर मला थोडं रेंगाळायचं आहे. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून सिटिझनच्या सहकार्याने ही घड्याळं बनू लागली आणि जनता, पायलट, कोहिनूर, कांचन या मॉडेलांच्या लाखो एकसारख्या प्रती निघाल्या. झाकणावरचे आकडे दाखवून ‘हेच ते’ म्हणणं त्यांच्या बाबतीत नेहमी जमत नाही. इथे उपयोगी पडते ती घड्याळजींची सवय. जुने कारागीर दुरुस्ती केली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने खूण करतात: तारीख, आद्याक्षरं, पावती क्रमांक, ज्याची त्याची लिपी. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांची तीन एचएमटी गेली होती. दीड वर्षाने जप्त मालात पाच-सहा जनता निघाल्या. त्यांनी सांगितलं, झाकण उघडा, आत ‘मा. २-८७’ असं कोरलेलं असेल. होतं. दुरुस्तीच्या वेळी त्यांनी ते पाहून डायरीत टिपून ठेवलं होतं. बाजारभावाने ते घड्याळ दोन-तीन हजारांचं असेल, पण त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. तुमच्या सगळ्या जुन्या घड्याळांची झाकणं एकदा उघडवून घ्या. डायलवरचा डाग, काचेचा ओरखडा, बदललेला काटा, जे जे त्या एकाच घड्याळाचं आहे ते जवळून टिपा.

ही वही आणि फोटो लॉकरमध्ये ठेवू नका. एक प्रत बहिणीकडे किंवा भावाकडे आणि एक स्वतःच्या ईमेलवर. कंपनीचे मूळ डबे, वॉरंटी कार्ड आणि बिलंही घड्याळांसोबत नकोत. डबा-कार्डासकट घड्याळ चोराच्या हाती लागलं तर ते ‘पूर्ण सेट’ म्हणून जास्त भावाने खपतं, विकत घेणाऱ्यालाही शंका येत नाही आणि तुमच्या हातात मालकीचा पुरावा उरत नाही. परदेशातून आणलेल्या घड्याळाची कस्टमची पावती असेल तर तीही याच फाइलमध्ये. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, गोळा करावा लागतो. तुमचं तेवढ्या किमतीचं एक घड्याळ नसावं, पण पुढे घेतलंत तर ती नोंदही खरेदीचा भक्कम पुरावा ठरते.

आता माहिती फुटते कुठून ते पाहू. लॅच तोडायला येणारे बरेच जण नुसतं बंद घर हेरून येतात. त्यांना रोकड आणि सोनं हवं असतं. घड्याळ दिसलं तर तेही उचलतात. घड्याळांसाठीच येणारा माणूस वेगळा. त्याला आधी कळलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते आपणच कळवलेलं असतं. मनगटाचा फोटो टाकताना मागे खिडकीतून सोसायटीचं नाव दिसतं. घड्याळप्रेमींच्या ग्रुपवर ‘उद्यापासून आठ दिवस गावी, कोणतं घालू?’ असा प्रश्न पडतो आणि खाली पन्नास अनोळखी माणसं उत्तरं देतात. संग्रह दाखवायची हौस मला समजते. ज्याने पैसे साठवून एकेक घड्याळ घेतलं त्याने ते कपाटात अंधारात का ठेवावं? दाखवा, पण फोटो परत आल्यावर टाका, घराची पार्श्वभूमी टाळा आणि सगळी २२ एका ओळीत मांडलेला फोटो कधीच टाकू नका. जुनं घड्याळ विकायला काढलंत तर गिऱ्हाइकाला घरी बोलावू नका. घड्याळजींच्या दुकानात भेटा. तिथे घड्याळाची पारखही होते. आणि नव्या घड्याळाचा पुठ्ठ्याचा खोका जिन्यातल्या सुक्या कचऱ्यात तसाच ठेवू नका, फाडून टाका.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. चोरी झाली की घरातल्या बहुतेकांचं पहिलं बोट कामवाल्या मावशींकडे वळतं. मी अशा किती घरांत बसलो आहे जिथे दहा वर्षं इमानाने काम केलेल्या बाईला ठाण्यात बसवून ठेवलं होतं आणि चोर निघाला भलताच. वही असेल, लॉकर कोण कधी उघडतं हे ठरलेलं असेल, तर तिच्यावरही नाहक बालंट येत नाही. पोलिसांकडे नोंदणी करायची ती नेमणूक करताना करा, चोरी झाल्यावर नको.

दाराकडे या. फ्लॅटच्या घरफोडीच्या पंचनाम्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.’ उचकटायला लागते एक हातभर कटावणी. बाहेरून लावलेलं कुलूप घर बंद असल्याची पाटीच असते. कोयंडा दारावर पाऊण इंची स्क्रूने बसवलेला असतो आणि तो एका हिसक्यात लाकडासकट निघतो. बाहेरचं कुलूप काढून टाका. दारात आतून चौकटीत खोल जाणारा, दोन-तीन दांड्यांचा मॉर्टिस लॉक बसवा. चौकटीवरच्या पट्टीला तीन इंची स्क्रू मारून घ्या, म्हणजे ते चौकट ओलांडून भिंतीत शिरतात. हे काम सुतार तासाभरात करतो आणि तुमच्या एका चांगल्या घड्याळाच्या पट्ट्याएवढाही खर्च येत नाही. बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर त्याच्या बिजागऱ्या बाहेरून ठोकून काढता येतात का ते बघा; येत असतील तर वेल्डिंग करून घ्या. तिसरा मजला म्हणजे सुरक्षित, हेही गृहीत धरू नका. डक्टमधले पाइप आणि बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या, ही वाट मी चौथ्या मजल्यावरही पाहिली आहे. तिथे आतून ग्रिल हवीच.

कॅमेरा लावा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवला तर चोर तोही नेतो. चित्रं बाहेर क्लाऊडवर जाऊ द्या आणि वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर घ्या. दार उघडताच तुम्हाला आणि शेजाऱ्यांना फोन करणारा सेन्सर मला कॅमेऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो चोराचा वेळ कमी करतो.

वेळेवरूनच लॉकरकडे येतो. १२ किलोचा लॉकर एक माणूस काखेत मारून जिना उतरतो. सिंहगड रस्त्याच्या एका दाव्यात लॉकर कपाटासकट उखडून नेला होता आणि आठवड्याने कालव्याच्या कडेला मागचा पत्रा फाडलेल्या अवस्थेत सापडला. त्या घरचे वारंवार म्हणत होते, ‘पण आम्ही स्क्रू मारले होते.’ मारले होते, १८ मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये. लॉकर कपाटाला बसवला तर त्याची ताकद त्या प्लायएवढीच. त्याला काँक्रीट हवं. खाली स्लॅब किंवा मागे आरसीसी कॉलम, आणि त्यात १० किंवा १२ मिलिमीटरचे अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतून बसणारे बोल्ट, निदान चार. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात; त्यात हे फास्टनर नीट धरत नाहीत. आणि काही नव्या इमारतींचे स्लॅब आतल्या ताणलेल्या केबलींवर उभे असतात, त्यांत भोक पाडणं धोक्याचं. सोसायटीकडून बांधकामाचे नकाशे घेऊन आधी खात्री करा.

तुमच्या १८ लाखांसाठी मी आयएस ५५० या भारतीय मानकाची किंवा युरोपच्या ईएन ११४३-१ या मानकात ग्रेड मिळालेली तिजोरी सुचवेन. तुमच्यासारख्या हलक्या घरगुती इलेक्ट्रॉनिक लॉकरवर असं प्रमाणपत्र सहसा नसतं, तो कागदपत्रं ठेवायच्या लायकीचा असतो. युरोपच्या त्या मानकात तर १००० किलोखालच्या मोकळ्या तिजोरीला बोल्टची सोय असावीच लागते. इतकी जड तिजोरीसुद्धा लोक उचलून नेतात हे मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, मग १२ किलोचं काय? फ्लॅटला शंभर-दीडशे किलोची पुरे. घरांच्या खोल्यांचे स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या वापरभारावर आखलेले असतात, म्हणून ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळई किंवा कॉलमलगत ठेवा. इलेक्ट्रॉनिक कुलूप असेल तर कारखान्यातून आलेला मास्टर कोड पहिल्या दिवशी बदला. बॅटरी संपल्यावर लागणारी ती आणीबाणीची चावी साड्यांच्या घडीत ठेवू नका. स्टीलच्या कपाटाचा चोरकप्पा आणि साड्यांची घडी चोराला आपल्याहून आधी आठवते.

पावसाळ्याचं एक राहिलं. आग सोसणाऱ्या तिजोऱ्यांच्या भिंतींत पाणी धरणारा मसाला भरलेला असतो, त्यामुळे आत दमटपणा वाढतो. घड्याळांसाठी आग आणि चोरी दोन्हींची तिजोरी घेतलीत तर आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ५० टक्क्यांच्या आसपास हवा. चामड्याचे पट्टे काढून बाहेर ठेवा, नाहीतर श्रावणात त्यांच्यावर बुरशी येते. बंद पडलेल्या क्वार्ट्झ घड्याळांची बॅटरी काढून घ्या. चोराने न नेलेलं घड्याळ गळक्या बॅटरीने खाल्लेलं मी पाहिलं आहे.

बँकेचा लॉकर चांगलाच, पण त्याचा हिशेब समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, घरफोडी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडं ३००० असेल तर तीन लाख. आत काय आहे हे बँकेला माहीतच नसतं. मी असतो तर असं वाटून घेतलं असतं: वर्षातून दोनदा घालायची महागडी तीन-चार आणि आजोबांचं वेस्ट एंड बँकेत, रोजची आणि महिन्याला बदलायची घरच्या बोल्ट केलेल्या तिजोरीत. यंदा गणपतीपर्यंत तिजोरी बसली नाही, तर जेवढी बँकेच्या लॉकरमध्ये मावतील तेवढी आठ दिवसांसाठी तिथे नेऊन ठेवा. सगळ्या दोऱ्या एकाच खुंटीला बांधू नयेत.

विम्याबद्दल माझ्या धंद्यातली सगळ्यात कडू गोष्ट सांगतो. लोक म्हणतात, ‘आमच्या घराचा विमा आहे.’ बहुतेकदा ती भारत गृह रक्षा पॉलिसी असते, जी १ एप्रिल २०२१ पासून आली. ती आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. तिच्यात चोरीची भरपाई मिळते ती अशी आपत्ती घडल्यावर, तिच्यामुळे, सात दिवसांत चोरी झाली तरच. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि घड्याळांची यादी किमतीसह जोडावी लागते. इथे पुन्हा ती वही उपयोगी पडते.

दुसरं, ‘घरफोडी’ या शब्दाला विम्यात अर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंदराय चंदनलाल या खटल्यात स्पष्ट केलं की पॉलिसीत बळाचा वापर करून प्रवेश असं लिहिलं असेल, तर बळाचा वापर झालेला असलाच पाहिजे. दार उघडं राहिलं आणि कोणी शिरून नेलं, तर चोरी खरी पण दावा बसत नाही. म्हणून एफआयआर नीट वाचून सही करा. भारतीय न्याय संहितेत घरातल्या चोरीचं कलम ३०५ आहे आणि घरफोडीचं ३३१. कुलूप तुटलेलं असताना फक्त ३०५ लागलं तर तिथेच अधिकाऱ्यांना विनंती करा.

तिसरं, किल्लीचं कलम. अनेक पॉलिसींत लिहिलेलं असतं की तिजोरी तिच्याच किल्लीने उघडून चोरी झाली तर भरपाई नाही, किल्ली धाकदपटशाने घेतली असेल तरच मिळेल. म्हणजे तिजोरी उत्तम, विमा चालू, आणि किल्ली ड्रॉवरमध्ये, एवढ्यावरून दावा जातो. एका घरच्या आजींना हे सांगताना मला शब्द सापडत नव्हते, कारण ती किल्ली देव्हाऱ्यामागे त्यांनीच ठेवली होती. घर बंद ठेवताना किल्ली सोबत न्या.

किंमतही खरी लिहा. १८ लाखांचा संग्रह नऊ लाखांना उतरवलात आणि त्यातली चार लाखांची घड्याळं गेली, तर सरासरीच्या कलमाने, म्हणजे विमा जितक्या प्रमाणात कमी तितक्याच प्रमाणात भरपाई कमी या हिशेबाने, हाती येतात दोनच लाख. जुन्या घड्याळांचे भाव अलीकडे चढले आहेत, दर दोन वर्षांनी मूल्यांकन करून घ्या. शक्य तिथे ठरलेल्या किमतीची पॉलिसी मागा, म्हणजे नंतर घसाऱ्यावरून वाद होत नाही. घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं हेही त्यात लिहिलेलं असतं. तुमचे आठ दिवस बहुधा बसतील, पण मे महिन्यात मुलीकडे महिनाभर जाणार असाल तर आधी कळवा.

आणि तुम्ही घरात असताना कोणी शस्त्र घेऊन शिरलं, तर तिजोरी उघडून द्या. घरच्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा. दागिन्यांसाठी झटापट झालेल्या दोन घरांत मी पाहणीला गेलो आहे. तिथे दाव्याचा कागद पुढे करायला हात उठत नव्हता.

चोरी झालीच, तर कशालाही हात न लावता बाहेर या आणि ११२ ला फोन करा. ठसे घेऊन होईपर्यंत आवराआवर नको. वहीतल्या क्रमांकांची यादी पोलिसांना त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. तीच यादी शहरातल्या जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांना आणि घड्याळजींना पाठवा. लक्ष्मी रोड, रविवार पेठेत ही माणसं एकमेकांना ओळखतात. मुंबईतल्या चोर बाजारातही एक चक्कर टाका, पण घड्याळ दिसलं तर स्वतः झोंबाझोंबी न करता पोलिसांना कळवा. स्विस घड्याळांचे क्रमांक एन्क्विरस या मोफत आंतरराष्ट्रीय नोंदवहीत टाका, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही कळवा. चोरीचं घड्याळ कधी ना कधी दुरुस्तीला येतंच.

माल सापडला तर तो खटला संपेपर्यंत पोलिसांच्या मालखान्यात पडून राहील असं कोणी सांगितलं तरी मानू नका. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच म्हटलं होतं की मुद्देमाल पंधरा दिवस ते महिनाभराहून जास्त ठाण्यात ठेवू नये. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम ४९७ मध्ये फोटो आणि वर्णन नोंदवून वस्तूचा निकाल लावायची मुदतच घातली आहे. वकिलामार्फत अर्ज करा, वहीतलं पान आणि बिल जोडा, आणि बॉण्ड भरून घड्याळ ताब्यात घ्या. विमा कंपनीने आधीच पैसे दिले असतील तर सापडलेल्या घड्याळावर तिचा हक्क येतो. वडिलांचं घड्याळ परत हवं असेल तर भरपाई स्वीकारतानाच हे लेखी ठरवून घ्या.

घरी आल्यावर ते लगेच मनगटावर बांधू नका, चावीही देऊ नका. मालखान्याची धूळ आणि दमट हवा आत गेलेली असते, तेल सुकलेलं असतं, आणि पहिल्याच फिरकीला एखादं चाक घासतं. आधी घड्याळजींकडे न्या, उघडून साफ करून घ्या, आणि झाकणाच्या आत त्यांनी नवी खूण कोरली की ती वहीत उतरवून घ्या.